विमानातला माझा पहारा

सोमवार, रात्री

ताईचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं. फोनवर म्हणाली, "अगं, तुला नसेल जमणार तर नको येऊस. मला कळतं तुझं." तिचं ते समजून घेणंच मनाला जास्त लागलं. फोन ठेवला आणि विमानाचं तिकीट काढलं. दुसऱ्या कशानं पोचता येईल का, हे यावेळी शोधलंच नाही.

तिकीट निघालं तसा पोटात गोळा आला. तो चांगलाच ओळखीचा आहे. आजवर प्रवास टाळला की हा गोळा लगेच विरायचा आणि जीव भांड्यात पडायचा. खरी अडचण तिथेच आहे. टाळलं की सुटका होते, आणि सुटका झाली की मेंदू धडा घेतो, 'गेलो नाही म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी भीती आणखी जोरानं येते. थेरपिस्टनं हे वर्तुळ एका कागदावर काढून दाखवलं होतं. तो कागद अजून वहीत आहे.

विमानाला घाबरणारे सगळे अपघातालाच घाबरतात, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कुणाला उंची सोसत नाही, कुणाला बंद दार सोसत नाही, कुणाला चारचौघांत घाबरंघुबरं होण्याचीच धास्ती असते. मला जड जातं ते 'थांबा, मला उतरायचंय' असं म्हणायची सोय नसणं. गाडीत मी मागच्या सीटवरही निवांत असते, कारण गाडी कधीही बाजूला घेता येते हे मनात कुठेतरी ठाऊक असतं. हे नेमकं कळायला बराच काळ गेला. ज्याला ही भीती आहे त्यानं आपली भीती नक्की कशाची, हे आधी शोधावं, असं मला कळकळीनं वाटतं. उपाय त्यावरच ठरतो.

बुधवार

आज पुन्हा एकानं ऐकवलं, "विमानापेक्षा रस्ता कितीतरी धोक्याचा." ठाऊक आहे. २०१७ या अख्ख्या वर्षात जगभरात व्यावसायिक प्रवासी जेट विमानाचा एकही जीवघेणा अपघात झाला नव्हता, हेही पाठ आहे. डोक्याला पटतं, पण छातीतली धडधड काही थांबत नाही. ट्व्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की जे चटकन आठवतं ते आपल्याला जास्त वेळा घडणारं वाटतं. पेटलेल्या विमानाचं एक दृश्य वर्षानुवर्षं डोळ्यांपुढून हलत नाही. सुखरूप उतरलेल्या विमानाची बातमीच होत नाही, मग ते आठवणार कसं?

मला उपयोग झाला तो वेगळ्या माहितीचा. नेमक्या त्या क्षणी शरीराला काय होतं आणि का होतं, हे सांगणाऱ्या.

टेकऑफनंतरचा तो क्षण घ्या. विमान जोरात वर चढत असतं, आणि मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम उतरतो. पोट हलकं होतं. आता पडणार, असं वाटून माझे तळवे घामेजायचे. होतं असं, की जमिनीपासून साधारण हजार ते दीड हजार फुटांवर पायलट ठरल्याप्रमाणे इंजिनाचा जोर कमी करतात, कारण टेकऑफला लागते तेवढी ताकद पुढे लागत नाही. आपल्या आतल्या कानात कॅल्शियमच्या बारीक कणांचा एक थर असतो. वेग बदलला की तो सरकतो, आणि मान कलली तरीही सरकतो. बाहेरचं क्षितिज दिसत नसलं की कानाला या दोन्हींतला फरक कळत नाही. वेग वाढण्याचं प्रमाण कमी झालं, एवढंच झालेलं असतं, पण कान सांगतो की नाक खाली गेलं, आपण घसरतोय. विमान तेव्हाही चढतच असतं. हे समजल्यापासून त्या क्षणी मी स्वतःला 'काही होणार नाही' असं सांगत नाही. 'हा कान बोलतोय' असं म्हणते. पहिल्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, दुसऱ्यावर बसतो.

आवाजांचंही तसंच. टेकऑफनंतर पायाखाली घरघर होऊन धप्प वाजतं, ती चाकं आत गेलेली असतात. पंखातून येणारा किर्र आवाज फ्लॅप्सचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांचा.

हेलकाव्यांवर मात्र खूप वाचलं, कारण माझा जीव सगळ्यात जास्त तिथेच घाबरायचा. पंख वरखाली हलताना दिसले की आता मोडणार असं वाटायचं. ते हलावेत म्हणूनच तसे बनवलेले असतात. विमानाला उड्डाणाची परवानगी मिळण्याआधी, सेवेत असताना येऊ शकेल अशा कमाल भाराच्या दीडपट भार पंखांनी निदान तीन सेकंद पेलून दाखवावा लागतो. बोइंग ७७७ चा पंख १९९५ च्या चाचणीत मोडेपर्यंत वाकवला, तो मोडला १५४ टक्के भाराला. हवेतल्या 'खड्ड्यात' विमान शेकडो फूट कोसळतं असं वाटतं, पण बहुतेक वेळा उंचीतला फरक काही फुटांचाच असतो.

खोटा दिलासा मात्र मला नको असतो. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की उत्तर अटलांटिकवर निरभ्र आकाशात येणारे तीव्र हेलकावे १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याचा संबंध हवामानबदलाशी आहे. असल्या हेलकाव्यांत माणसं जखमी होतात, क्वचित त्याहून वाईटही घडतं. मार बसतो तो बहुतेक बेल्ट न लावलेल्यांना. म्हणून दिवा विझला तरी मी बेल्ट सोडत नाही. ही एक खबरदारी खरी आहे, ती मी ठेवणार.

आणि इंजिन? दोन्ही बंद पडली तर विमान दगडासारखं खाली येईल, अशी माझी पक्की समजूत होती. ऑगस्ट २००१ मध्ये अटलांटिकवर एका एअरबस ए३३० विमानाचं इंधन गळून संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली. ते सुमारे १९ मिनिटं नुसतं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं. आतले सगळे ३०६ जण वाचले. पस्तीस हजार फुटांवरचं जेट इंजिनाशिवाय शंभराहून जास्त किलोमीटर जाऊ शकतं. हे वाचलं त्या रात्री डोळ्यांत पाणी आलं होतं.

गुरुवार

ओळखीच्या डॉक्टरांनी गोळीचं विचारलं. नको म्हटलं. १९९७ मध्ये विमानाला घाबरणाऱ्या स्त्रियांवर एक अभ्यास झाला होता. पहिल्या प्रवासाला अल्प्राझोलाम ही भीती शमवणारी गोळी घेतलेल्यांना त्या वेळी भीती कमी वाटली, पण पुढच्या प्रवासात गोळीशिवाय बसल्यावर त्यांना पॅनिक जास्त आलं. गोळीनं तो प्रवास निभावतो, पण भीती कशी ओसरते हे मेंदूला बघायलाच मिळत नाही. कुणाला गोळीची खरोखर गरज असेल तर ते डॉक्टरांनी ठरवावं, त्यात कमीपणा काही नाही. माझी वाट मी निवडली आहे.

आजच्या सेशनमध्ये पहाऱ्याची यादी पुरी केली. विमानात मी काय काय करते, ते सगळं लिहून काढलं. आर्मरेस्ट घट्ट धरून ठेवते. केबिन क्रूच्या चेहऱ्यावर काळजी दिसते का ते बघत राहते. इंजिनाच्या आवाजातला प्रत्येक बदल टिपते. समोरच्या स्क्रीनवरचा उंचीचा आकडा कमी झाला की श्वास रोखते. विमान वळलं की उलट्या बाजूला कलते. आणि झोपत नाही, कितीही दमलेली असले तरी.

थेरपिस्टनी यादी वाचून विचारलं, "यातलं तुम्ही काही केलं नाहीत, तर विमानाला काय होईल?"

बराच वेळ मला बोलताच आलं नाही. विमान मी धरून ठेवलंय असं मी कधी म्हटलं नसतं, पण माझं शरीर तसंच वागत होतं. दर वेळी सुखरूप उतरल्यावर श्रेय त्या पहाऱ्याला जात होतं. जागी राहिले म्हणून उतरलो, लक्ष ठेवलं म्हणून उतरलो. मग इतके प्रवास होऊनही भीती कमी व्हायची कशी? या वेळी यादीतल्या दोन गोष्टी सोडायच्या ठरल्या, आर्मरेस्ट आणि केबिन क्रूचे चेहरे. सगळं एकदम नाही.

रविवार, विमानात

दार बंद झालं. भीती दहापैकी आठ. 'मी ओरडेन, उठून दाराकडे धावेन', असं होण्याची शक्यता मला किती वाटते, तेही वहीत लिहिलंय. नव्वद टक्के.

हात मांडीवर उघडे ठेवलेत. बोटं आपोआप वळतात, पुन्हा उघडते. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानंच बोटांना मुंग्या येतात आणि डोकं गरगरतं. मुंग्या आल्यात. येऊ देते.

टेकऑफ. नऊ. आवाज उतरला. कान बोलतोय.

नंतर. हेलकावे सुरू आहेत, अक्षर वेडंवाकडं येतंय. बेल्टचा दिवा लागला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "बाळ, बरं आहे ना?" मी म्हटलं, "भीती वाटतेय, पण बरं आहे." एवढं मोठ्यानं बोलले आणि खांदे खाली आले. भीती लपवण्यात माझी किती ताकद जात होती! ते म्हणाले, "मग लिही तू, मी काही बोलत नाही." पुस्तक मिटून ते खिडकीबाहेर बघत बसले.

समोरून केबिन क्रूमधली मुलगी येतेय. मान वर करायची नाही. बूट दिसले, ट्रॉलीचं चाक दिसलं, गेली. तिचा चेहरा कसा होता, मला ठाऊक नाही. ते ठाऊक नसताना बसणं फार अवघड आहे. साडेआठ. अजूनही साडेआठ. सात. हेलकावे तसेच आहेत आणि आकडा सात. हे मी पहिल्यांदा बघतेय, की बाहेर काही न बदलता भीती आपणहून उतरते. विमान शांत झाल्यावर ती उतरायची, तेव्हा त्यातून मला काही शिकायला मिळत नव्हतं.

ओरडले नाही. दाराकडे धावले नाही.

मंगळवार, ताईकडे

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "कशी आलीस?" विमानानं म्हटल्यावर तिनं माझा हात धरला आणि पुन्हा झोपली.

भीती गेलेली नाही. काल रात्री परतीच्या प्रवासाचा विचार आला तसा पोटात गोळा आलाच. थोडं वाईटही वाटलं, कारण इतकं सगळं केल्यावर आता नसावा, अशी आशा होती. थेरपिस्टला मेसेज केला. एका प्रवासानं जुनी सवय सुटत नाही, मध्ये फार मोठा खंड पडू न देता जात राहणं महत्त्वाचं, असं उत्तर आलं. म्हणून ताईला शब्द दिलाय की पुढच्या तपासणीलाही येईन.

परतीच्या विमानात आर्मरेस्ट आणि चेहरे तर सोडायचेच, शिवाय समोरचा स्क्रीन बंद ठेवायचा. झोप यादीत शेवटी ठेवली आहे, कारण डोळे मिटले की सगळाच पहारा सुटतो आणि नुसत्या विचारानं घशाला कोरड पडते. टेकऑफनंतर इंजिनाचा आवाज उतरेल तेव्हा पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, तिथून सुरुवात. आजोबांसारखं कुणी शेजारी असेल तर आधीच सांगून ठेवीन.