दुसरा ड्रेन-फिल: डिपस्टिक रोज वेगळं का सांगत होती

लागली लेव्हल! गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं जुनं ऑइल खालून काढून नवं भरायची, म्हणजे ड्रेन-फिलची, ही दुसरी खेप, आणि आत ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी, म्हणजे डिपस्टिक, अखेर एकच उत्तर देतेय. सलग तीन दिवस, तिन्ही वेळा एकाच जागी, वरच्या खुणेच्या दीडेक मिलिमीटर खाली. या दीड मिलिमीटरनं आठवडाभर झोप उडवली होती, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी बाकीचं उरकतो. गाडी तीच, २०१२ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक. मागच्या खेपेला ड्रेन प्लगनं, म्हणजे ऑइल काढायच्या भोकाच्या बुचानं, सुटताना चांगलाच घाम काढला होता. या वेळी पान्याचा ३/८ इंची चौकोन प्लगात बसवला, लांब दांडा लावला आणि एका दमात सुटला! मागच्या वेळी टॉर्क रेंचनं (किती जोरानं आवळतोय ते मोजणाऱ्या पान्यानं) ४९ न्यूटन-मीटरवर आवळलं होतं आणि १८ मिलिमीटरचा वॉशर नवा घातला होता, त्याचं हे फळ. जुनाच वॉशर उलटा करून बसव म्हणणारे बरेच भेटतात, माझा त्याला ठाम नकार आहे. प्लगच्या चुंबकाला चिकटलेली धातूच्या झिजेची राखाडी पेस्ट बोटांत चोळून बघितली. काजळासारखी मऊ, एकही कण टोचला नाही. पहिल्या वेळी ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं होतं, या वेळी कोकमाच्या सारासारखं. जीव सुखावला.

ऑइल डीडब्ल्यू-१च, म्हणजे होंडाचं स्वतःचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, अधिकृत पार्ट काउंटरवरून सीलबंद. बाजारात एका दुकानदारानं ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतंय’ म्हणून दुसरा कॅन पुढं केला होता. या गिअरबॉक्समध्ये इतर बऱ्याच ऑटोमॅटिकसारखे प्लॅनेटरी सेट (एका गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) नाहीत, समांतर शाफ्ट आणि क्लचचे पॅक आहेत, आणि ते क्लच कसे पकडतात हे सगळं ऑइलवर असतं. तिथं चार पैसे वाचवायची माझी तयारी नाही.

आता मूळ दुखणं. निघालेलं ऑइल मापात धरलं, २.३५ लिटर. तेवढंच नवं घातलं. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेळ थांबलो, रेडिएटरचा फॅन दोनदा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, बंद केलं आणि मिनिटभरात डिपस्टिक काढली. वरच्या खुणेच्या तीन मिलिमीटर वर! जेवढं काढलं तेवढंच घातलं, मग जास्त कसं?

पहिला संशय नळीवर. डिपस्टिकच्या भोकातूनच ऑइल ओतलेलं, नळीची आतली भिंत ओली, त्यामुळे पट्टी वर येताना माखते. ते खरंच होतं, एक बाजू दुसरीपेक्षा वरपर्यंत ओली दिसायची. तेव्हापासून जुन्या मलमलच्या फडक्यानं पट्टी दोनदा पुसतो आणि दोन्ही बाजूंपैकी खालचा आकडा खरा मानतो. तरीही तीन मिलिमीटर वरच.

जास्त ऑइल ही साधी गोष्ट नाही. फिरते गिअर ते घुसळतात, फेस होतो, हवा मिसळलेल्या ऑइलचा दाब टिकत नाही आणि क्लच घसरायला लागतात. घाबरून सिरिंजला बारीक नळी लावली आणि दीडशे मिली ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन मोजलं तर पट्टी खालच्या खुणेला टेकलेली! दीडशे मिली परत घातलं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा वर.

मग तापमानावर आलो. ऑइल पन्नास अंशांनी तापलं की तीन-चार टक्के फुगतं, म्हणजे या बॉक्सात दोनशे मिलीच्या आसपास. म्हणून फॅन आणि घड्याळ दोन्ही काटेकोर पाळले. फरक पडेना.

शनिवारी बॉनेट उघडून बसलो होतो. आमच्या शेजारचे मामा गवंडीकाम करतात, कोल्हापुरात अर्ध्या पेठेच्या फरश्या त्यांनी घातल्यात. गेटाला टेकून बराच वेळ बघत होते.

“काय बघतोस रोज?”

“मामा, लेव्हल लागंना झालीय.”

“गाडीचं ऱ्हाऊ दे. आधी जमीन बघ की. ह्या फरशीला उतार मीच दिलाय, पावसाचं पाणी गेटाकडं जायला.”

मी गपगार झालो. गाडी कधी नाक गेटाकडं करून लावतो, कधी भिंतीकडं, जशी जागा मिळेल तशी. म्हणजे एक दिवस नाक खाली, एक दिवस वर!

मामांनी घरातून लेव्हलची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी भरून आतले बुडबुडे ठोकून ठोकून काढले, एक टोक पुढच्या चाकाशी, दुसरं मागच्याशी. साडेपाच सेंटिमीटरचा फरक. दोन चाकांतलं अंतर २५५ सेंटिमीटर, म्हणजे शेकडा दोनपेक्षा थोडा जास्त उतार. डोळ्याला दिसत नाही, पण डिपस्टिक बॉक्सच्या मध्यापासून वीतभर बाजूला असली तर तिथं चार मिलिमीटर इकडचं तिकडं होतं. दोन्ही दिशांचा मिळून आठ!

१८ मिलिमीटरच्या प्लायचे तीन-तीन तुकडे एकावर एक ठेवले, ५४ मिलिमीटर झाले. त्यावर पुढची चाकं चढवली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. फॅन दोनदा, इंजिन बंद, पट्टी पुसली, घातली, काढली. दीड मिलिमीटर खाली. २.३५ लिटरचं माप पहिल्यापासून बरोबरच होतं.

दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना बसणारा हिसका आता शोधावा लागतो. एका वेळी निम्मंही ऑइल निघत नाही, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणाऱ्या भागात) आणि आतल्या वाटांत राहतं. माझ्या हिशेबानं अजून तिसरा हिस्सा जुनं आहे. तिसऱ्या ड्रेननंतर पाचवा हिस्सा उरेल.

तो हजार किलोमीटरनंतर करायचा ठरला होता, पण हे लिहिता लिहिता सुचलं: लिटरात मोजायचंच कशाला? गरम निघालेलं आणि थंड ओतलेलं यांचं आकारमान जुळणारच नाही, वजन मात्र जुळतं. पुढच्या खेपेला रिकामा कॅन काट्यावर ठेवून जेवढे ग्रॅम निघतील तेवढेच घालणार. डिपस्टिक फक्त खात्रीला. निघालेलं जुनं ऑइल कॅनमध्ये साठवतोय, तिन्ही खेपांचं मिळून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडं एकदमच देईन, गटारात एक थेंब नाही.

प्लाय मामांना पसंत नाही. “घसरंल कवातरी,” म्हणाले. पुढच्या कामावरचा माल उरला की गेटाकडच्या बाजूला दोन चौथरे ओतून देणार आहेत, नळी लावून, साडेपाच सेंटिमीटरचे. चौथऱ्यांना सात दिवस पाणी मारून होईपर्यंत तिसरा ड्रेन थांबतोय.