हातच्याचा आठवडा

तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवायला घेतली की आठवडाभर तो वर्ग कमी आणि मोळीविक्याचं अंगण जास्त वाटतो. जिकडेतिकडे काड्या. दोन मुलांत ६० धरल्या तरी ३० जणांच्या वर्गाला ९०० लागतात. आइसक्रीमच्या काड्या विकत मिळतात, पण निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे बांधावर ढीग पडलेले असताना पैसे कशाला घालवायचे? पेन्सिलीहून बारीक निवडाव्यात, बोटभर लांब तोडाव्यात. जाड घेतल्या तर दहांचा गठ्ठा लहान मुठीत मावत नाही. बागेत फवारण्या झालेल्या असतात, म्हणून आधी धुऊन उन्हात वाळवायच्या. आणि रबर मोजूनच द्यावेत. मुलांना बेचकीचं आकर्षण फार.

सोमवार नुसता गठ्ठे बांधण्यात जातो. तयार गठ्ठे वाटून ही तासिका वाचवायचा मोह होतो, तो टाळलेला बरा. दहा काड्या स्वतः मोजून बांधल्या नसतील, तर मुलाला गठ्ठा ही एक वस्तू वाटते, दहा वस्तू नव्हे. मग मंगळवारी तो गठ्ठा सोडायचं त्याला सुचणार कसं?

मंगळवारचं गणित ५३ − २७. पाच गठ्ठे, तीन सुट्या. सात सुट्या काढायच्या आहेत आणि हाताशी तीनच! इथे बाईंनी किंवा गुरुजींनी गप्प राहायचं. दोनेक मिनिटांत कुठल्या तरी बाकावर रबर निघतोच. आता चार गठ्ठे आणि तेरा सुट्या. एकूण काड्या अजूनही ५३च आहेत, हे काही काढून घेण्याआधी मुलांकडून वदवून घ्यायचं. चौकटीच्या वहीत ५ खोडून वर ४, ३ खोडून वर १३, हे लिखाण त्याच वेळी, गठ्ठा सुटताना व्हावं. काड्या आज आणि वही उद्या असं केलं की दोन्हींचं नातं तुटतं.

बुधवारी नाशिकच्या गोदाघाटावर बाजार भरतो, तेव्हा वर्गातही भरवावा. खेळण्यातल्या दहाच्या पाच नोटा, रुपयाची तीन नाणी आणि २७ रुपयांची मेथी-कोथिंबीर. एक नोट मोडल्याशिवाय व्यवहार होत नाही, हे इथे सांगावं लागत नाही. मात्र घरच्या दुकानात बसणारी मुलं हातचा घेतच नाहीत. ती २७ला ३ मिळवून ३०, मग २० देऊन ५०, वर ३, म्हणजे २६ असं मोजतात. उत्तर बरोबर, रीतही बरोबर. तिथे ‘हातचा दाखवला नाही’ म्हणून लाल शाई वापरणं हा शुद्ध हट्ट आहे.

गुरुवारी वह्या तपासताना खरी गंमत कळते. ५२ − २७चं उत्तर बऱ्याच वह्यांत ३५ येतं. एकाने सातातून दोन वजा केलेले असतात, कारण मोठ्यातून लहान काढायची सवय. दुसऱ्याने हातचा नीट घेतलेला असतो, बारातून सातही काढलेले असतात, पण ५चे ४ करायचे राहिलेले असतात. दुखणी दोन, उत्तर एकच; वहीवरून ओळखायची कशी? एककांमधला फरक पाच असला की हा घोळ होतोच. ५३ − २७ दिलं तर पहिल्याचं ३४ येतं, दुसऱ्याचं ३६. पहिल्याला पुन्हा काड्यांकडे पाठवायचं, दुसऱ्याला फक्त खोडण्याची आठवण करायची. गणितं निवडतानाच हे पाहिलं तर तपासण्याचं निम्मं काम वाचतं.

शुक्रवार शून्याचा. ४० − १७चं ३७ आलं तर समजावं, शून्यातून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातातून शून्य घालवला.

शनिवारी सकाळची शाळा, वेळ थोडा. पाच गणितं पुरेत, त्यांत दोन बिनहातच्याची हवीतच. आठवडाभर गठ्ठे सोडून मुलांचा हात इतका सैल होतो की ६८ − २५लाही एक दशक सुटतो, एककाच्या घरात १३ बसतात आणि उत्तर येतं ३१३. ‘६८ काड्यांतून काढून ३१३ उरल्या?’ एवढं विचारलं की वर्ग हसतो आणि खोडरबर फिरतात.

काड्या मात्र इतक्यात आवरू नयेत. पुढे ३०२ − १४७ आहे, मधल्या शून्याचं. तिथे दहा गठ्ठ्यांचा शेकडा आधी सोडावा लागतो, मग त्यातला एक दशक. सगळ्या जोड्यांच्या काड्या एकत्र केल्या तर नऊ शेकडे होतात. ते बांधायला रबर पुरत नाहीत, सुतळी आणावी.