हडसन खोऱ्याच्या प्रदर्शनात माझं बर्फाचं चित्र

न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीच्या काठाकाठाने उत्तरेला निघालं की लहान लहान गावं लागतात. त्यातल्या बऱ्याच गावांत चित्रकारांचे संघ आहेत आणि काही संघ फक्त या खोऱ्यावरच्या चित्रांचं वार्षिक प्रदर्शन भरवतात. यंदा आमच्या जवळच्या अशाच एका प्रदर्शनासाठी मी जलरंगातली चित्रं पाठवली. इथे पैसे भरले म्हणून भिंत मिळत नाही. आपल्याकडे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात जशी निवड होते, तशीच इथेही होते. प्रवेश शुल्क भरायचं, चित्रांचे फोटो ऑनलाइन पाठवायचे आणि बाहेरून बोलावलेले परीक्षक ठरवतील ते मान्य करायचं. निवड झाली नाही तरी शुल्क परत मिळत नाही. संघाचं वर्षभराचं भाडं आणि वीजबिल त्यातूनच निघतं, त्यामुळे मला त्यात गैर वाटत नाही.

नियमावलीत बाकी सगळं नेहमीचंच होतं. चित्र अलीकडचं हवं, दुसऱ्याच्या फोटोवरून केलेलं नको, कार्यशाळेत शिक्षकांसमोर केलेलं नको. पण पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की चित्रात हडसनचं खोरं दिसलं पाहिजे, आणि तिथे मी अडले. कारण हे खोरं दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं, ते जवळजवळ ठरूनच गेलेलं आहे. ऑक्टोबरातली लाल-पिवळी झाडं, दीपगृह, नाहीतर पोलेपेल बेटावरचा बॅनरमनचा पडका किल्ला. दरवर्षी ही चित्रं ढिगाने येतात. सुंदर असतात, पण पर्यटकालाही ती तशीच दिसतात.

या परंपरेचं मूळ शोधायला मी कॅट्सकिल गावात थॉमस कोलचं घर बघायला गेले. हडसनकाठच्या निसर्गचित्रकारांच्या संप्रदायाची सुरुवात त्याच्यापासून मानतात. तो इथला नव्हता. १८०१ साली इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये जन्मला, १८१८ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेत आला आणि १८२५ मध्ये आगबोटीने हडसनवरून वर गेला. त्या सफरीतून त्याने केलेली चित्रं न्यूयॉर्कमधल्या नावाजलेल्या चित्रकारांनी विकत घेतली आणि तिथून सगळं सुरू झालं. पुढे चामडं कमावण्याच्या कारखान्यांसाठी हेमलॉकची झाडं तोडली जात होती, खोऱ्यात रेल्वे येत होती, हेही त्याने पाहिलं. १८४३ च्या एका चित्रात त्याने तोडलेली झाडं आणि दूरवर आगगाडी दाखवली आहे. बाहेरून आलेल्या माणसाने हे खोरं इतकं मन लावून पाहिलं, आणि आज इथले लोक स्वतःचा प्रदेश त्याच्या नजरेने ओळखतात. मला याचा फार मोठा आधार वाटला.

इथल्या लोकांचा या देखाव्यावर नुसताच जीव नाही, ते त्यासाठी भांडलेही आहेत. १९६२ साली कॉन एडिसन या वीज कंपनीने स्टॉर्म किंग डोंगरापाशी मोठा जलविद्युत प्रकल्प आखला. लोक कोर्टात गेले. १९६५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की परवाना देताना निसर्गसौंदर्याचाही विचार व्हायला हवा आणि त्यासाठी दाद मागायचा नागरिकांना हक्क आहे. १९८० च्या तडजोडीत कंपनीने तो प्रकल्प सोडला. आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या डोंगरासाठी असा निकाल लागला तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग मी काय काढलं? मी चिपळूणची. गोवळकोटच्या धक्क्यावर वाशिष्ठीची भरती-ओहोटी बघत वाढले. हडसनलाही भरती येते. समुद्रापासून सुमारे २४५ किलोमीटर आत, ट्रॉयच्या धरणापर्यंत पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. हिवाळ्यात नदी गोठून बर्फाच्या लाद्या होतात, कडा वर वळलेल्या, तव्यावरच्या घावनासारख्या. भरती सुरू झाली की या लाद्या उलट्या, म्हणजे उत्तरेकडे, उगमाच्या दिशेने निघतात. एकमेकींवर घासतात तेव्हा करकर आवाज येतो. काठावर उभी राहून पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हाच ठरलं की आपलं चित्र हेच.

बाहेर बसून जलरंग करणं शक्यच नव्हतं. थंडीत कागदावरचा वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर, तिथल्या तिथे गोठतो आणि रंगात फुलासारखी नक्षी उमटते. म्हणून गाडीत बसून, काच अर्धी खाली करून कच्ची रेखाटनं केली आणि घरी येऊन तीनशे ग्रॅमच्या जाड कागदावर चित्र उतरवलं. बर्फासाठी पांढरा रंग वापरला नाही, कागदच कोरा राखला. पाण्याला निळ्यापेक्षा तपकिरी जास्त लागला, कारण जानेवारीतली हडसन खरोखरच गढूळ असते. मध्यभागी जुन्या धक्क्याचे लाकडी खांब घेतले आणि बर्फ त्यांच्या दक्षिण बाजूला साचलेला दाखवला.

पाठवलेल्यांपैकी हे एकच चित्र निवडलं गेलं. शरद ऋतूतल्या टेकडीचं माझं दुसरं चित्र परत आलं आणि मला ते पटलं. पुढचं काम सुताराचं. फ्रेमच्या मागे दोन कड्या आणि तार हवी, दातेरी हँगर चालत नाही, काचेऐवजी ॲक्रिलिक हवं, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, पांढरं. यातलं एक चुकलं तरी चित्र दारातूनच परत जातं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी एक वयस्क गृहस्थ माझ्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते. आयुष्यभर या नदीत होडी चालवलेले. खांबांच्या दक्षिणेला साचलेल्या बर्फावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "भरती चालू आहे ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी बायकोला हाक मारून बोलावलं आणि माझं चित्र तिला स्वतःच समजावून सांगितलं. बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं, चांगल्या चित्राला मिळालं. मला त्या संध्याकाळी आणखी काही नको होतं.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधल्या ज्या मराठी मंडळींनी शाळा-कॉलेजात ब्रश धरला होता, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: अशा प्रदर्शनांत चित्रं पाठवा. फक्त देखावा निवडताना तुम्ही जिथून आलात तिथली नजर बरोबर घ्या, इथल्यांना ती हवी आहे. आणि नदी आधी बघायची असेल तर ग्रँड सेंट्रलहून पोकिप्सीकडे जाणारी गाडी पकडा, जाताना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसा. कोल्ड स्प्रिंग आलं की पलीकडच्या काठावर स्टॉर्म किंग दिसेल. जानेवारी-फेब्रुवारीत येणार असाल तर भरतीची वेळ आधी बघून ठेवा.