कायदा बदलला ना, मग आता प्राइड कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नकार्यात, ऑफिसात, जुन्या मित्रांच्या गप्पांत हा प्रश्न मला हटकून येतो: "३७७ गेलं, आता कशाला रस्त्यावर उतरता?" ३७७ म्हणजे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम, आणि रस्त्यावर उतरणं म्हणजे प्राइड, आमच्यासारख्यांची अभिमानयात्रा.

२ जुलै २००९ ला या संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मीही हेच म्हणत होतो. प्राइडला जाणाऱ्या मित्राशी भांडलोही होतो. मिळालं ना, मग आता गुपचूप जगा की! पुढच्याच वर्षी अलीगढमध्ये मराठी शिकवणाऱ्या डॉ. सिरस यांच्या घरात, ते एका पुरुषासोबत असताना, कॅमेरा घेऊन लोक घुसले. विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरस यांनाच. १ एप्रिल २०१० ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. कायदा तेव्हा आमच्या बाजूने होता. तरी माझे डोळे उघडले नाहीत.

उघडले ते ११ डिसेंबर २०१३ ला. सर्वोच्च न्यायालयाने तो २००९ चा निकाल फिरवला, ३७७ परत आलं. आम्ही लोकसंख्येचा नगण्य हिस्सा, दीडशे वर्षांत खटले दोनशेही नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. संध्याकाळी घरी आलो तर बाबा रेशनकार्डाची फाइल उघडून बसलेले. हातात २००९ च्या बातमीचं कात्रण. त्यांनी ते कापून ठेवलंय हे मला माहीतच नव्हतं. मी तर त्यांना माझ्याबद्दल कधी काही सांगितलंही नव्हतं. कागद पिवळा पडलेला, घडीवर विरलेला. त्यांनी तो हलक्या हाताने उलगडला, एकदा वाचला आणि त्याचे चार तुकडे केले.

"घरात नको हे."

"कागदाला कोण धरून नेणार आहे, बाबा?"

"कागदाला नाही रे."

तुकडे त्यांनी कचऱ्यात टाकले नाहीत, सदऱ्याच्या खिशात ठेवले. कित्येक वर्षं मी त्यांना भित्रे समजत होतो. खरं तर तो निकाल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळला होता. दिलेलं काढून घेता येतं, एवढंच त्यांनी त्यातून वाचलं.

आणि जे मिळालं तेही आपोआप नाही. ११ ऑगस्ट १९९२ ला एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाची मंडळी दिल्ली पोलीस मुख्यालयासमोर उभी राहिली. पोलिसांनी समलैंगिक असल्याच्या संशयावरून बागेतून पुरुषांना उचललं होतं, त्याचा निषेध करायला. तेव्हा कुठलं कोर्ट त्यांच्या पाठीशी होतं? १९९४ ला ३७७ विरुद्ध त्यांची याचिका, २००१ ला नाझ फाउंडेशन या संस्थेची. ते गुपचूप जगले असते तर माझ्या बाबांना कापायला बातमीच मिळाली नसती.

तरी मीच पूर्ण बरोबर, असा माझा दावा नाही. गर्दीत चालताना मला आजही अवघडायला होतं. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात आम्हाला लग्नाचा हक्क नाकारला गेला. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी अजून 'मित्र' लिहितो. अकरा वर्षांच्या संसाराला. मग पुन्हा प्राइडला जातो.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच नव्या निकालाने ३७७ गेलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि रद्दीत ठेवला. कात्री घेतली नाही. का, ते मी अजून विचारलेलं नाही.