काकू, दात कशानं घासता?

त्या दिवशी यादीत आठ जण होते आणि काकू सहाव्या. वय ६९, तक्रार अ‍ॅसिडिटी, तीन महिने गोळ्या चालू, फरक नाही, वजन सहा किलोनं कमी. रकान्यांमध्ये पुढे: धूम्रपान नाही. मद्यपान नाही. वंश: आशियाई, भारतीय.

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका रुग्णालयात मी पोटविकारतज्ज्ञ आहे. आठवड्यातले दोन दिवस दुर्बिणीच्या खोलीतच जातात. माझ्या हाताखालचा शिकाऊ डॉक्टर आयर्लंडचा, हुशार आणि कष्टाळू मुलगा. त्यानं कागद वाचून सांगितलं, "बाई आहे, भारतीय आहे, सिगारेट नाही, दारू नाही. कॅन्सरची शक्यता कमी. बहुतेक अल्सर निघेल."

त्याला मी दोष देत नाही. इथे शिकलेल्या डॉक्टरच्या डोळ्यांपुढे अन्ननलिकेच्या कॅन्सरचा रुग्ण म्हणून एकच माणूस उभा राहतो: गोरा पुरुष, साठी उलटलेला, पोट सुटलेला, वीस वर्षं छातीत जळजळ. आम्ल वर येत राहतं, नळीच्या तळाचं फिकट अस्तर बदलून लालसर होतं (याला बॅरेट म्हणतात) आणि त्यातून पुढे कुणाकुणाला कॅन्सर होतो. तोही अगदी खाली, जठराच्या तोंडाशी. हा अ‍ॅडिनोकार्सिनोमा. ब्रिटनमध्ये हाच जास्त, आणि बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी पटींनी अधिक.

मी मुंबईत शिकत होते तेव्हा हा प्रकार क्वचित दिसायचा. तिथे दिसायचा तो स्क्वॅमस, म्हणजे नळीच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर. नळीच्या मधल्या भागात, आणि पुरुषांच्या जोडीनं बायकांतही. जगभरातले अन्ननलिकेचे दहांतले आठ-नऊ कॅन्सर याच जातीचे असतात. अवयव तोच, नाव तेच, पण दुखणं वेगळं आणि ते ज्यांना होतं ती माणसंही वेगळी.

काकू आत आल्या. बारीक अंगाच्या, स्वेटरवर कार्डिगन, पायात लोकरी मोजे. सोबत मुलगा. तो इथेच जन्मलेला, मराठी समजतं पण बोलायला अडखळतो. सही घेण्याआधी मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. मराठीत बोलायला लागले तशी काकूंची मान वर आली.

"कुठल्या तुम्ही, काकू?"

"साताऱ्याकडच्या. माण तालुक्यातल्या. लग्न करून आले ती हितंच. पंचेचाळीस वर्सं झाली. तू गं?"

"मी कऱ्हाडची."

"व्हय?" म्हणाल्या आणि माझा हात धरला तो पुढे सोडलाच नाही.

"काय होतंय नेमकं?"

"घास उतरत न्हाई गं. भाकरी तर कवाच सोडली. भात बी हितं येऊन बसतो," त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "वर पाणी प्यालं की जातो खाली. आता तर पाण्याला बी येळ लागतो."

मी दोन क्षण गप्प बसले. घास उतरत नाही ही अ‍ॅसिडिटी नव्हे. गिळायला त्रास होत असेल तर वय कितीही असो, तातडीनं दुर्बीण झाली पाहिजे, असा इथला नियम आहे. पण त्यांच्या डॉक्टरसमोर दर वेळी मुलगा बोलत होता, आणि आपल्या घरात गळ्यापासून बेंबीपर्यंतच्या सगळ्या दुखण्याला एकच शब्द असतो. आईनं सांगितलं घास अडकतो, मुलानं सांगितलं अ‍ॅसिडिटी. डॉक्टरनं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. तीन महिने असे गेले.

बोलताना त्यांच्या खालच्या दातांकडे माझं लक्ष गेलं. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात काळपट तपकिरी रेघ. ती रेघ मी लहानपणी रोज सकाळी पाहिलेली आहे. माझी आजी लोखंडी तव्यावर तंबाखूची पानं भाजायची, काळी झाली की पाट्यावर वाटायची आणि डबीत भरून ठेवायची. तो वास घरभर दुपारपर्यंत राहायचा. मग उंबऱ्यात बसून तर्जनीनं हिरडीवर घासत अर्धा अर्धा तास तंद्री. मशेरी लावल्याशिवाय तिला पोट साफ होत नाही असं वाटायचं. गावातल्या निम्म्या बायकांना तसंच वाटायचं.

"काकू, दात कशानं घासता?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मुलगा बाहेर आहे याची खात्री केली.

"मशेरीनं."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी. जेवल्यावर. रात्री निजताना. मधी करमलं न्हाई की." मग घाईनं, "पन ती तंबाखू न्हाई हां. भाजलेली असती."

भाजल्यानं तंबाखूतलं विष जातं ही समजूत मी आजीकडूनही ऐकली होती. तसं काही होत नाही. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स, म्हणजे कॅन्सर करणारी रसायनं, जळून जात नाहीत, लाळेत उतरतात. थुंकलं तरी सगळी लाळ थुंकली जात नाही, आणि ती ज्या वाटेनं खाली जाते तीच ही नळी. दिवसातून चार वेळा, पन्नास वर्षांहून जास्त.

आमच्या कागदावर तंबाखूचा प्रश्न होता, पण तो धुराचा. काकूंनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती, म्हणून त्यांनी खरं तेच उत्तर दिलं होतं.

दुर्बीण आत गेली. २० सेंटीमीटरपर्यंत ठीक. दातांपासून २७ सेंटीमीटरवर नळी एका बाजूनं आत आलेली, खडबडीत, टोकाचा स्पर्श होताच रक्त. बारीक दुर्बीण मागवली, ती हळूहळू पलीकडे गेली. खाली जठराचं तोंड स्वच्छ, बॅरेट नाही, काही नाही. मग वर येऊन आयोडीन फवारलं. निरोगी अस्तरात साखरेचा साठा असतो, ते आयोडीन धरून गडद तपकिरी होतं. बिघडलेल्या पेशी रंग धरत नाहीत. पडद्यावर नळी शिसवी लाकडासारखी झाली आणि त्यात गाठीभोवती पिवळा फिका डाग उरला. शिवाय वर, २३ सेंटीमीटरवर, नखाएवढे आणखी दोन. साध्या उजेडात ते मला दिसलेच नव्हते. शिकाऊ डॉक्टर पडद्याजवळ येऊन उभा राहिला. मी तुकडे घेतले.

काकूंना बाहेर नेल्यावर त्यानं विचारलं, "म्हणजे भारतीयांना धोका जास्त की कमी?"

खरं सांगायचं तर या प्रश्नानं मी थोडी चिडले. त्याच्यावर नव्हे, त्या रकान्यावर. पुढच्या रुग्णाला वेळ होता, चहाचे कप हातात होते, आणि मी त्याला बसवून सांगत सुटले.

कुठला भारतीय? मेघालयात, शिलाँगच्या आसपासच्या खासी टेकड्यांत हा कॅन्सर देशात सर्वाधिक आढळतो, पुरुषांत आणि बायकांतही. तिथे ओली सुपारी, पान आणि चुना, म्हणजे क्वाय, पाहुण्याला आधी दिला जातो. सुपारी स्वतःच कॅन्सर करते, तंबाखू नसला तरी, हे जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ सालीच नोंदवलं आहे. काश्मीरमध्येही प्रमाण मोठं, तिथे हुक्का, सुकवलेल्या भाज्या आणि कढत नून चहा, म्हणजे मिठाचा चहा. आणि मुंबईचे पारशी? धर्मानं अग्नी पवित्र, म्हणून धूम्रपान वर्ज्य. मुंबईच्या नोंदणीत त्यांच्यात तंबाखूचे कॅन्सर इतरांपेक्षा कमी सापडत आले. हे सगळे तुझ्या एकाच रकान्यात बसतात.

इराणच्या गुलिस्तान प्रांतात २००४ पासून सुमारे ५०,००० लोकांचा पाठपुरावा चालू आहे. तिथे कढत चहा आणि अफू हे दोन्ही दोषी निघाले. ६५ अंशांच्या वरचं पेय कॅन्सरला बहुधा कारण ठरतं असं २०१६ साली जाहीर झालं. चीनच्या हेनान प्रांतात लिन्शियन म्हणून भाग आहे, तिथे माणसांप्रमाणेच कोंबड्यांनाही घशाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होत असे. घरातलं उष्टंमाष्टं खाणाऱ्या कोंबड्या! मला तर ही गोष्ट शिकताना वाचल्यापासून विसरता आलेली नाही. कोंबडीचा वंश कुठला लिहिणार?

"पण रक्तातही काही असतं ना?" तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. पूर्व आशियातल्या साधारण एक तृतीयांश लोकांत दारू पचवणारं एक विकर कमकुवत असतं. दोन घोट घेतले की चेहरा लाल होतो, आणि विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साचतं. असा माणूस तरीही पीत राहिला तर त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. पण तो प्यायलाच नाही तर ते विकर त्याचं फारसं काही बिघडवत नाही. म्हणजे तिथेही विचारायला हवं ते पेल्याबद्दलच.

नऊ दिवसांनी निदान आलं: स्क्वॅमस. फुप्फुसांत, यकृतात काही नव्हतं. वरचे दोन डाग धरता शस्त्रक्रिया फार मोठी झाली असती, म्हणून किरणोपचार आणि केमो ठरलं.

त्या दिवशी मुलगा आत होता. मशेरीबद्दल त्याला सांगायची परवानगी मी काकूंकडून आधीच घेतली होती. ऐकल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग इंग्रजीत हळूच म्हणाला, "ते मंजन? दर वर्षी भारतातून मीच आणतो. मावशी डबा देते, मी बॅगेत टाकतो. मला वाटलं टूथपावडर आहे." मी त्याला म्हटलं, तुला कळायची काही सोय नव्हती. त्यानं मान हलवली, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं असं मला वाटत नाही.

काकूंनी मात्र रडणं वगैरे केलं नाही. विचारलं एवढंच, "आमच्या गावात समद्याच लावत्यात. मलाच का गं?"

माझी आजी ८४ वर्षांची होऊन गेली, शेवटच्या आठवड्यापर्यंत डबी उशाशी. हे मी काकूंना सांगितलं. शंभर बायकांत किती जणींना होईल ते अंदाजानं सांगता येतं, कुणाला होईल ते नाही, हेही सांगितलं. त्यांना ते पुरलं नसावं. मलाही पुरलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि माझ्यासमोरच बहिणीला लावला. तिला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर.

"आक्के, आता डबा देऊ नगं. डॉक्टरीणबाईनं बंद करायला सांगितलंय. तू बी बंद कर."

"का?"

"घशाला बाधती. कॅन्सर झालाय मला तिच्यानं."

पलीकडे बराच वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता. मग आक्का म्हणाल्या, "आगं पन कालच भाजलीय की. दोन डबं भरून ठिवल्यात. त्येचं काय करू?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"उकिरड्यावर टाका म्हणावं," मी म्हटलं. "लगेच. पोरींच्या हाताला लागायच्या आत."

काकूंनी ते सांगितलं. आक्कांना ऐकू आलं नाही. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.