मातीखाली काय होते: बागेच्या बिघडलेल्या कामाचा माझा अनुभव

'काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले असून आमची कोणतीही तक्रार नाही.' या एका ओळीशी मी जवळजवळ वर्षभर झगडले. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी शेवटचा हप्ता घेताना आमच्या बागेच्या कंत्राटदाराने बिलाच्या मागच्या बाजूला ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली, मी ओट्यावर उभ्याउभ्या तिच्याखाली सही केली, आणि त्यानंतर माझ्या प्रत्येक फोनला, प्रत्येक पत्राला आणि शेवटी नोटिशीला आलेल्या वकिली उत्तरातही तीच ओळ माझ्यासमोर धरली गेली. ज्यांच्या घरी सध्या बागेचे काम चालू आहे त्यांनी हे काम संपण्यापूर्वी वाचावे, एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर नाशिकला आहे. घरामागे सुमारे एक हजार चौरस फूट मोकळी जागा होती, तीत बांधकामापासून गवतच वाढत असे. सासूबाईंचे वय ८१, त्या वॉकर घेऊन चालतात आणि गुडघ्यांमुळे बाहेर रस्त्यावर जाणे त्यांनी सोडले होते. त्यांना सकाळ-संध्याकाळ चार पावले टाकता यावीत, कडेला मोगरा, अनंत, पारिजातक असावा आणि मध्ये हिरवळ असावी, असे आमच्या मनात होते. लँडस्केपिंगची कामे घेणाऱ्या एका कंत्राटदाराने २ लाख ८५ हजार रुपयांचे कोटेशन दिले. त्यात ८०० चौरस फुटांवर ९ इंच लाल माती आणि शेणखत, मेक्सिकन गवताची हिरवळ, पेव्हर ब्लॉकची पायवाट, ठिबक सिंचन, ४६ रोपे आणि ३ महिने देखभाल, असे सारे लिहिलेले होते. काम तीन आठवड्यांत झाले. ज्या दिवशी मी सही केली त्या दिवशी बाग खरोखरच सुंदर दिसत होती, हे मी मान्य करते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हिरवळीवर पिवळे डाग पडू लागले. मेमध्ये त्यांचे तपकिरी पट्टे झाले आणि रोपांपैकी १९ रोपे वाळली. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर पायवाटेवरचे पाणी कुंपणाकडे न जाता घराच्या जोत्याकडे येऊ लागले, स्वयंपाकघराच्या भिंतीला आतून ओल आली आणि पायवाट मधोमध खचली. सासूबाईंच्या वॉकरचा पुढचा पाय त्या खचलेल्या जागी अडकून त्या पडता पडता वाचल्या. त्या दिवशी मी ठरवले की हे प्रकरण आता फोनवर चालवायचे नाही.

तोपर्यंत फोनवर जे झाले ते बहुतेकांच्या परिचयाचे असेल. 'ताई, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो.' 'ताई, माळी गावाला गेलाय.' 'ताई, तुम्ही पाणी कमी घातलंत, झाड सजीव असतं, त्याची गॅरंटी कोण देणार?' यातले शेवटचे वाक्य सर्वांत घातक होते, कारण ते ऐकणाऱ्याला पटते. शेजाऱ्यांनाही ते पटले आणि काही दिवस मलाही पटले. घराची भिंत फुटली तर दोष गवंड्याचा आहे हे कोणीही मान्य करते, पण रोप वाळले की लोक आधी घरच्या माणसांकडे पाहतात.

इथेच माझे गाडे रुतले. दोष मातीखाली होता आणि सही मातीवर होती. वाळलेले गवत उपटून नवे लावावे, पायवाट दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यावी आणि मग खर्च मागावा, असे यजमानांचे म्हणणे होते. परिचयातल्या एका ज्येष्ठ वकीलबाईंनी ते थांबवले. त्या म्हणाल्या, 'वहिनी, एकदा फावडे लागले की पुरावा गेला. जे काही खणायचे ते त्याला लेखी कळवून, त्याच्यासमोर, मोजून खणा.' या एका सल्ल्याने प्रकरण वाचले, आणि याच सल्ल्यामुळे माझे पाच आठवडे वाया गेले, कारण तो समोर येईचना. मी २२ जून ही तारीख लेखी कळवली, त्याने आदल्या रात्री ती पुढे ढकलली. मग ६ जुलै ठरली. त्या दिवशी तो येतो येतो म्हणत दुपारी दोनपर्यंत आला नाही, नंतर फोन बंद. तिसरी तारीख त्याने स्वतः दिली आणि स्वतःच मोडली. बाहेर पाऊस पडत होता, जोत्याशी पाणी साचत होते, भिंतीचे पोपडे सुटत होते आणि आम्ही एका माणसाच्या सवडीची वाट पाहत ती बाग तशीच ठेवली होती. आजही त्या पाच आठवड्यांचा विचार आला की मला संताप येतो. पत्रात पहिल्याच वेळी एक वाक्य घालायला हवे होते, ते मी चौथ्या पत्रात घातले: 'आपण अथवा आपला प्रतिनिधी उपस्थित न राहिल्यास ठरल्या वेळी दोन साक्षीदारांसमोर पाहणी करण्यात येईल.' हे वाक्य लिहिले की त्याच्या येण्या-न येण्यावर काही अवलंबून राहत नाही. पत्र पोचपावतीसह पाठवावे. मी ते रजिस्टर पोस्टाने पाठवले होते. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवावी.

२७ जुलैच्या सकाळी कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी, शेजारचे काका, एक गवंडी आणि आम्ही दोघे, अशी पाच माणसे बागेत जमली. कंत्राटदार आला नाही. सुतळीने जागेचे नऊ भाग पाडले आणि प्रत्येक भागात एक फूट लांब-रुंद खड्डा घेतला. पहिल्याच खड्ड्यात फावड्याचा खणखण आवाज झाला. वर जेमतेम अडीच इंच लाल माती, तिच्याखाली विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, प्लास्टरचे ढेपे आणि सिमेंटच्या पिशवीचा कुजलेला कागद. आमच्याच घराच्या बांधकामाचा राडारोडा, जो उचलून नेण्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लावले होते, तो पसरून त्यावर मातीचा पातळ थर दिलेला होता. नऊ खड्ड्यांत सर्वांत खोल माती साडेतीन इंच निघाली. गवताचे पिवळे पट्टे आणि खालच्या राडारोड्याचे पट्टे एकमेकांशी जुळत होते.

मग मी वाळलेल्या अनंताचे रोप हळूहळू उकरून काढले. मुळांभोवती नर्सरीची काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी होती. पिशवीच्या तळाच्या एका छिद्रातून दोन मुळे दोऱ्यासारखी बाहेर आली होती आणि बाकी सगळी मुळे आतल्या आत गोल गोल फिरून घट्ट गुंतली होती. ती पिशवी मी हातात धरली तेव्हा मला रडू आले. सासूबाई त्या रोपाला रोज सकाळी तांब्याने पाणी घालत असत आणि ते पाणी मुळांपर्यंत पुरेसे पोचतच नव्हते. वाळलेल्या १९ पैकी ११ रोपांच्या मुळाशी अशा पिशव्या सापडल्या.

गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरून पायवाटेची लेव्हल काढली. उतार घराच्या विरुद्ध दिशेला हवा होता, तो दहा फुटांत दोन इंच घराकडे निघाला. दोन ब्लॉक उचलले तर खाली मुरूम पसरलेला होता, पण धुम्मस मारून दाबलेला नव्हता. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भुसभुशीत मुरूम टाकला की पायवाट खचणारच.

मोजमापे घेताना प्रत्येक खड्ड्यात स्टीलची पट्टी उभी करून आणि शेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र ठेवून फोटो काढले. राडारोड्यालगतच्या मातीचा नमुना तपासून घेतला, तेव्हा सामू (pH) ८.९ आला. सिमेंट-चुन्यामुळे माती विम्ल, म्हणजे अल्कधर्मी, होते आणि अशा मातीत पाने पिवळी पडतात, हे अधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रात लिहून दिले. आणखी एक हिशेब त्यांनी कागदावर मांडून दाखवला, तो मला कायमचा पाठ झाला आहे. ८०० चौरस फुटांवर ९ इंच माती म्हणजे ६०० घनफूट, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून ६ ब्रास. शेजारच्या काकांच्या फाटकावरील कॅमेऱ्यात मातीच्या फक्त दोन ट्रॉल्या येताना दिसत होत्या आणि एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती मावते. दोन ब्रासमध्ये या जागेवर तीन इंचच माती होते, ती दबून अडीच-पावणेतीनवर आली. हे गणित काम चालू असताना मी केले असते तर ट्रॉल्या मोजायला दोन मिनिटेही लागली नसती.

एवढे सगळे हाती आल्यावरही सही होतीच. त्याच्या वकिलाच्या उत्तरात मातीबद्दल एक शब्द नव्हता. ग्राहकाने समाधानाची सही दिलेली आहे, नंतर देखभालीअभावी बाग वाळली, एवढेच होते. दोन-तीन दिवस मी खचले. मग एका रात्री कोटेशन पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचताना 'देखभाल ३ महिने समाविष्ट' या शब्दांवर थांबले. २४ फेब्रुवारीपासून ३ महिने म्हणजे २४ मे. पिवळे डाग एप्रिलमध्ये पडले होते आणि त्यांचे फोटो मी त्याला १३ एप्रिलला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. म्हणजे ज्या काळात पाणी कमी पडले असे तो म्हणत होता, त्या काळात पाण्याची जबाबदारी त्याच्याच माळ्याची होती. शिवाय मार्चअखेर तो माळी येईनासा झाल्यापासून यजमान पाण्याची मोटार चालवल्याची खूण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर करत होते. ती पानेही मी जोडली.

सहीचे उत्तर वकीलबाईंनी दिले. सही करणारा माणूस डोळ्यांना दिसते तेवढेच मान्य करतो, जमिनीखालचा दोष त्याने मान्य केला असे होत नाही. हिरवळ नर्सरीतून तयार गालिच्यासारखी येते, स्वतःच्या पातळ मातीवर पहिले काही आठवडे हिरवीच राहते, आणि उतार चुकल्याचे फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत कळण्याचा मार्गच नाही. हे तक्रारीत तारखांसह मांडले.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणे त्यामानाने सोपे गेले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि वकील लावणे बंधनकारक नाही. व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडले. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्याने ते सगळे वापरले. त्यानंतर दोघांच्या संमतीने मध्यस्थी झाली. तिथे मी अनंताची ती पिशवी, मुळांसकट, टेबलावर ठेवली. कंत्राटदाराने तिच्याकडे पाहिले आणि सहीचा विषय त्या दिवशी काढला नाही.

त्याने स्वतः काम पुन्हा करून देण्याची तयारी दाखवली होती, ती मी नाकारली. ज्याने राडारोडा लपवला त्याच्या हाती पुन्हा फावडे द्यायचे नाही, यावर मी ठाम होते. १ लाख ३५ हजार रुपये दोन हप्त्यांत परत घेण्यावर तडजोड झाली आणि दोन्ही हप्ते वेळेवर आले. झालेला सगळा खर्च त्यातून निघाला नाही, परंतु राडारोडा उचलणे, नवी माती आणि पायवाट एवढे झाले.

मागाहून आठवले म्हणून लिहिते. शेवटचा १० टक्के हप्ता एक पावसाळा उलटल्यावरच द्यायचा, असे कोटेशनमध्येच लिहून घ्यावे. सही मागितलीच तर तिच्या वर 'वरवर पाहता' हे दोन शब्द आपल्या हाताने लिहावेत. कंत्राटदाराचा पूर्ण पत्ता पहिल्या दिवशी घ्यावा, कारण माझी पहिली नोटीस व्हिजिटिंग कार्डावरच्या पत्त्यावरून परत आली होती.

पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या माळीदादांकडून २२ रोपे लावून घेतली. संध्याकाळी ते पैसे घ्यायला ओट्यापाशी आले, तेव्हा मी त्यांना रिकाम्या पिशव्या आणायला सांगितल्या. त्यांनी त्या आणून फरशीवर मांडल्या, सासूबाईंनी खुर्चीत बसून त्या एक एक करून मोजल्या, बावीस भरल्या, आणि मग मी पैसे दिले.