डिक्सनचे ते एक बँक खाते

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मुलीकडे आलेल्या आईवडिलांना शिकागोचे सरोवर, नायगारा आणि अरोराचे बालाजी मंदिर दाखवण्याचा रिवाज आहे. मी डिक्सनला जायचे म्हणालो, तेव्हा मुलीने आधी फोनवर नकाशा पाहिला आणि मग माझ्याकडे. 'बाबा, तिथे आहे काय?' तिचा प्रश्न रास्त होता. पण ज्याने तीस वर्षे नगरपरिषदेच्या लेखा विभागात कॅशबुके लिहिली आणि लेखापरीक्षकांच्या आक्षेपांना उत्तरे देताना घाम पुसला, त्याच्या दृष्टीने इलिनॉयमध्ये डिक्सनएवढे पाहण्याजोगे ठिकाण दुसरे नाही.

माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे नाव दिलेल्या टोल रस्त्याने पश्चिमेकडे सव्वा तास गेले की हे गाव येते. वाटेत दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनच, इतका की डोळ्यांना झापड येते. गावात शिरताना गलेना रस्त्यावर 'डिक्सन' अशी अक्षरे मिरवणारी कमान आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या स्वागतासाठी ती पहिल्यांदा उभारली गेली. रस्त्याच्या कडेने गुलाबी पेट्यूनियांचे ताटवे आहेत, कारण पेट्यूनिया हा या गावाच्या अभिमानाचा विषय आहे. रोनाल्ड रेगन वयाच्या नवव्या वर्षी येथे राहायला आले, त्यांचे घर जपलेले आहे, आणि रॉक नदीवर जीवरक्षक म्हणून त्यांनी 77 जणांना वाचवल्याचे गाव आजही सांगते. ते घर आम्ही बाहेरून पाहिले आणि पुढे निघालो. मला पाहायचे होते ते सिटी हॉल, म्हणजे नगरपालिकेची कचेरी.

सुमारे 16 हजार वस्तीच्या या गावाच्या तिजोरीतून 1990 ते 2012 या काळात 5 कोटी 37 लाख डॉलर गेले. दरडोई हिशेब मांडला, तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या वाट्याचे सव्वातीन हजारांहून जास्त डॉलर. अमेरिकेच्या इतिहासात एखाद्या नगरपालिकेत झालेला हा सर्वांत मोठा अपहार मानला जातो. तो एकट्या बाईने केला: रीटा क्रंडवेल, शहराच्या कंप्ट्रोलर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुख्य लेखापाल. शाळेत असतानाच, 1970 साली, त्या सिटी हॉलमध्ये कामाला लागल्या आणि 1983 पासून सगळा हिशेब त्यांच्या हाती आला. पगार वर्षाला सुमारे 80 हजार डॉलर होता, आणि त्याच वेळी त्यांच्याकडे सुमारे 400 क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे होते. देशभरच्या घोड्यांच्या स्पर्धांत त्यांचे नाव गाजत होते. पैसा कुठून येतो, हा प्रश्न गावात कुणालाच पडला नसेल असे मला वाटत नाही. पण पडलेला प्रश्न मोठ्याने विचारणे ही वेगळी गोष्ट असते.

पद्धत इतकी साधी की वाचताना मला लाज वाटली. डिसेंबर 1990 मध्ये त्यांनी शहराच्या नावाने आणखी एक बँक खाते उघडले. सांडपाण्याच्या भांडवली कामांचा राखीव निधी असे भारदस्त नाव त्याला दिले आणि व्यवहाराचे अधिकार स्वतःकडे ठेवले. मग शहराच्या वेगवेगळ्या निधींतील रकमा एका विकास निधीत वळवायच्या, त्या निधीतून 'ट्रेझरर' या नावाने चेक काढायचा आणि तो राज्य सरकारला देय असल्याचे भासवून या गुप्त खात्यात भरायचा. पुरावा म्हणून इलिनॉय राज्याच्या नावाची बनावट बिले तयार असत. अशी कितीतरी बिले पुढे तपासात निघाली. शहरात पैसा का नाही असे नगरसेवकांनी विचारले, की राज्याकडून कराचा वाटा उशिरा येतो हे उत्तर ठरलेले असे. राज्य खरोखरच पैसे उशिरा देत असल्यामुळे ते कुणाला खोटे वाटले नाही. खर्चाला कात्री लागत राहिली आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण विनाअडथळा पार पडत राहिले.

येथे थोडे थांबून आमच्या धंद्याचे सांगतो. चेक लिहिणारा, किर्द ठेवणारा आणि बँकेचा ताळमेळ घालणारा हे एकच माणूस असू नये, हा लेखा विभागात नव्याने आलेल्या लिपिकालाही पहिल्या महिन्यात शिकवला जाणारा नियम आहे. डिक्सनमध्ये टपालसुद्धा याच बाईंच्या हाती होते. त्या रजेवर असल्या की दुसऱ्या कुणाला तरी टपाल आणायला सांगून आपली पाकिटे बाजूला काढून ठेवायला लावत. शहराचा कारभार तेव्हा जुन्या कमिशन पद्धतीने चाले. महापौर आणि चार कमिशनर, सारे अर्धवेळ. प्रत्येकाकडे एकेक खाते, आणि पोटापाण्याचा उद्योग वेगळा. वित्त खात्याच्या मावळत्या कमिशनरने 2011 च्या वसंतात बाईंचे जाहीर कौतुक करताना म्हटले होते, की त्या करदात्यांचा एकेक डॉलर स्वतःचाच असल्यासारखा सांभाळतात. नियतीने इतका नेमका विनोद क्वचितच केला असेल.

पुढच्या काही महिन्यांतच तो उलगडला. क्रंडवेल घोड्यांच्या स्पर्धांसाठी लांबच्या रजेवर असताना सिटी क्लार्क, म्हणजे शहराच्या लिपिक, कॅथी स्वॉन्सन त्यांचे काम पाहत होत्या आणि त्यांनी बँकेकडे शहराच्या सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागितली. 'सगळ्या' हा एक शब्द पडला आणि आलेल्या कागदांत कधी न ऐकलेले एक खाते निघाले. स्वॉन्सन तो कागद घेऊन महापौर जेम्स बर्क यांच्याकडे गेल्या आणि बर्क यांनी एफबीआयला कळवले. त्यानंतर सुमारे सहा महिने या दोघांनी रोज त्याच इमारतीत, त्याच बाईंसमोर काही घडलेच नाही असे वागून काढले. 17 एप्रिल 2012 रोजी अटक झाली. फेब्रुवारी 2013 मध्ये 19 वर्षे 7 महिन्यांची शिक्षा झाली. घोडे लिलावात निघाले, आणि लेखापरीक्षक व बँक यांच्याविरुद्धच्या दाव्यात तडजोड होऊन शहराला 4 कोटी डॉलर मिळाले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे. चोराकडून वसुली सगळेच करतात. ज्यांनी पाहायला हवे होते आणि पाहिले नाही, त्यांच्याकडून वसुली फार थोड्या गावांना जमते.

2021 मध्ये क्रंडवेल तुरुंगातून सुटून स्थानबद्धतेत आल्या आणि डिसेंबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्यांची उरलेली शिक्षा माफ केली. गावाच्या पदाधिकाऱ्यांनी त्यावर उघड संताप व्यक्त केला. एका दुकानात मी विषय काढला, तर काउंटरवरच्या वयस्क बाईंनी 'हं' एवढेच म्हणून माझी सुटी नाणी मोजायला घेतली. मीही पुढे काही विचारले नाही.

गावाने कमिशन पद्धत मात्र मतदानाने मोडीत काढली. 2015 पासून पूर्णवेळ सिटी मॅनेजर आणि नगर परिषद अशी व्यवस्था आहे. सोमवारी संध्याकाळी परिषदेची बैठक होती आणि ती सर्वांना खुली होती, म्हणून जावई, मुलगी आणि मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. महाराष्ट्रातल्या आमच्या सर्वसाधारण सभांचा गदारोळ ज्याने पाहिला आहे, त्याला ती बैठक रटाळ वाटली असती. प्रतिज्ञा झाली, मागील इतिवृत्त मंजूर झाले, मग देयकांच्या मंजुरीचा विषय आला. एका सदस्याने एका रकमेवर बोट ठेवून ती कोणत्या कामाची आहे असे विचारले, उत्तर मिळाले, मान हलली आणि पान उलटले. साऱ्याला मिनिटभरही लागले नसेल. जावयाने हळूच घड्याळ पाहिले.

दाराजवळ कार्यक्रमपत्रिकेच्या छापील प्रती ठेवल्या होत्या. निघताना मी एक घेतली. परतीच्या वाटेवर गाडीत अंधार पडला, तेव्हा फोनच्या उजेडात देयकांची यादी वाचत बसलो. डांबर, मीठ, पंपाची दुरुस्ती, गणवेश. 'बाबा, आता निवृत्त झालात ना?' मुलगी पुढच्या सीटवरून म्हणाली. मी हो म्हणालो आणि दुसऱ्या पानाची बेरीज तपासायला घेतली.